रेडकाला पाजलंस का आधी?

लालबागच्या मसाला गल्लीच्या तोंडाशी खरवस विकणाऱ्या बायका आणखीही होत्या, पण गवळ्याची उलटतपासणी घेणारी एकटी सोनूबाई परब. तबेल्यातून चीक आला की किटलीचं झाकण उघडायच्या आधी ती रामसुमेर भैयाला उंबऱ्याबाहेर थांबवायची आणि विचारायची, "बच्चे को पिलाया क्या पहिले?" त्याने मान डोलावली तरी तिचं समाधान होत नसे. किती पाजलं, पोट भरेपर्यंत की नुसतं तोंडाला लावलं, रेडकू पायावर उभं राहिलं का, हे सगळं झाल्याशिवाय चीक पातेल्यात पडत नसे. एकदा तिला संशय आला, तर ती सरळ जोगेश्वरीच्या तबेल्यात जाऊन रेडकाचं तोंड बघून आली. रामसुमेर तिला मागे फौजदारीन म्हणायचा. पुढ्यात मौसी.

आधी ती खरवसवाली नव्हतीच. तिची खानावळ होती. मालवणाकडचे एकटे राहणारे गिरणीतले गडी दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायचे आणि तिखट कमी पडलं तर जिना उतरेपर्यंत कुरकुरायचे. नवरा आनंदा गिरणीच्या साचेखात्यात मागावर होता. तो गेल्यावर तिने खानावळीवर मुलगा जयवंत वाढवला, गिरणीत चिकटवला, त्याचं लग्न लावलं. मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि संप लागला. पहिले काही आठवडे गडी उधारीवर जेवले, मग एकेक करून गावाला निघून गेले. मोठी पातेली पालथी पडली. सोनूबाईने दोन दिवस त्या पातेल्यांकडे बघून उसासे टाकले, तिसऱ्या दिवशी त्यातलंच एक सुलटं केलं आणि खरवस लावला. गूळ होता, वेलची होती, हात होता. रडत बसायला तिला कधी जमलं नाही. दुसऱ्याला रडवायला मात्र जमायचं.

तिच्या या स्वभावाचा सगळ्यात जास्त मार खाल्ला शेजारच्या कौसल्येने. झालं असं, की मालनला, म्हणजे जयवंतच्या बायकोला, पहिली मुलगी झाली शेवंता. सोनूबाईने सगळं रीतसर केलं. मालनच्या छातीत पहिल्या दिवसांत जे घट्ट पिवळं दूध आलं ते पिळून मोरीत टाकायला लावलं, कारण ते साचलेलं, जड, बाळाच्या पोटाला बाधणारं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. तीन दिवस बाळाच्या जिभेवर मध आणि गुळाचं पाणी. चौथ्या दिवशी पांढरं दूध उतरलं, मग पाजायला परवानगी. कौसल्या बाळ बघायला आली, म्हणाली, "काय गुटगुटीत गो पोर." बाजूला तोंड करून थुंकली नाही, काही नाही. महिन्याभरात शेवंताला असे जुलाब लागले की तिला हॉस्पिटलात नेऊन सलाईन लावावं लागलं. डोळे खोल गेले, टाळू बसली. पोर वाचली, पण पुढची तीन वर्षं पोटाची रडगाणी चालूच. कधी हगवण, कधी मुरडा, हातापायाच्या काड्या.

निदान सोनूबाईने एका दिवसात केलं. नजर. आणि कोणाची, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा. त्या दिवसापासून कौसल्येशी बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे तोंड बंद असं नव्हे. नळावर कौसल्या आली की सोनूबाई आपल्या कळशीशी बोलायची, आणि जे बोलायची ते कौसल्येने तर ऐकावंच, पण वरच्या मजल्यानेही ऐकावं असं असायचं.

गणपती गेले, दिवाळी यायची होती, तेव्हा मालनला दुसऱ्यांदा कळा लागल्या. घरात पगार नाही, जयवंत रोज गिरणीच्या गेटवर. हे दुसरं पोर शेवंतासारखं आजारी पडलं तर हॉस्पिटलच्या फेऱ्या कोणाच्या जिवावर करायच्या, हा एकच घोर सोनूबाईच्या डोक्यात. तिने यावेळी पक्कं ठरवलं होतं. मागच्या खेपेला रीत तेवढीच केली, राखण केली नाही. यावेळी बाळाजवळून हलायचंच नाही.

मुलगा झाला. प्रसूतिगृहातल्या त्या लोखंडी खाटेशेजारी सोनूबाई स्टूल टाकून अशी बसली की डॉक्टरांनासुद्धा वळसा घालून जावं लागे. हातात मधाची छोटी बाटली. तिथली नर्स दमयंती, गिरगावातली, तिशीची, चष्मेवाली, बाळ उचलून मालनच्या कुशीत द्यायला आली, तेव्हा सोनूबाईने मध्ये हात घातला.

"तीन दिवसांनी," ती म्हणाली. "आता मधच."

दमयंतीने अशा सासवा रोज बघितल्या होत्या. ओरडून उपयोग नसतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने समजावायला घेतलं, आणि तिथेच चुकली. सोनूबाईला समजावणं म्हणजे भिंतीला टाळ्या वाजवायला सांगणं. दमयंतीने सांगितलं की माणसाला बाहेरून एक कातडी असते तशी आतूनही असते, ओठांपासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत, नाकात, घशात, फुप्फुसाच्या नळ्यांत, आतड्यात. ओली, पातळ, नाजूक. बाहेरची कातडी जाड असते, तिच्यातून जंतू सहसा शिरत नाहीत. ते शिरतात या ओल्या अस्तरातून, कारण जेवण, हवा, पाणी सगळं त्यावरूनच जातं.

सोनूबाईने तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "आतून पण कातडी? म्हणजे मी काय उलटा घातलेला सदरा आहे काय गो बाय?"

पलीकडच्या तीन खाटा हसल्या. दमयंतीही हसली, पण सोडलं नाही. तिने विचारलं की मसाला गल्लीत मिरची कांडायला घेतली की तुमचं नाक का वाहतं. सोनूबाई म्हणाली, मिरची जाते म्हणून. तेच, दमयंती म्हणाली. ते वाहतं ती घाण नव्हे, तो बंदोबस्त. त्या चिकट्यात आलेला जंतू, धूळ, मिरची अडकते आणि बाहेर ढकलली जाते. लाळ तेच करते, डोळ्यातलं पाणी तेच करतं, आणि आतड्यातही तसाच चिकटा असतो. पण नुसता चिकटा पुरत नाही. त्यात शरीर आपले पहारेकरी सोडतं, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रोज तयार होतात. नव्या बाळाचं शरीर ती अजून करायला शिकलेलं नसतं. मग ती येणार कुठून? आईच्या पहिल्या दुधातून. ते पिवळं घट्ट दूध म्हणजे दूध कमी आणि पहारेकरीच जास्त. ते बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखं बसतं.

"लेप," सोनूबाई म्हणाली, "बाहेरून देतात."

तेवढ्यात जयवंत आला. दुपारची गेटमीटिंग आटोपून थेट, गळ्यात अजून बिल्ला. त्याने दमयंतीचं बोलणं निम्मं ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. गेले कित्येक महिने तो रोज कोणाला ना कोणाला काहीतरी पटवून देत होता. त्याला वाटलं, आईला पटवणं म्हणजे काय मोठंसं.

"आई, गेटवर आम्ही काय करतो?" त्याने स्टुलासमोर उकिडवं बसत विचारलं. "कोणी फितूर आत जायला आला तर त्याला मारतो काय? नाही. दोघे इकडून, दोघे तिकडून हात धरतो, गोड बोलतो आणि नाक्यावर नेऊन सोडतो. आत गेलाच नाही तर भांडण कशाला? सिस्टर म्हणतात ते दुधातले लोक हेच करतात. जंतूला घेराव. चारी बाजूंनी धरायचं आणि हागणीवाटे बाहेर."

दमयंतीला हे इतकं आवडलं की तिने पुस्ती जोडली. आतड्याच्या अस्तरावर खरी मारामारी झाली तर सूज येते आणि नुकसान त्या अस्तराचंच होतं. म्हणून तिथे शरीर मारण्यापेक्षा अडवण्यावर भर देतं.

सोनूबाईने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलाला विचारलं, "तुझा घेराव कधीपासून चाललाय रे?"

जयवंत म्हणाला, जानेवारीपासून.

"आणि गावलं काय?"

जयवंत उठून उभा राहिला. खाटांवरच्या बायका पुन्हा हसल्या, पण यावेळी जरा जपून, कारण त्यांतल्या बहुतेकींचे नवरे त्याच गेटांवर उभे होते. दमयंती जाता जाता एवढंच म्हणाली, "मावशी, पिकेटिंग तुम्हीही करताय. फक्त चुकीच्या गेटवर बसलाय." सोनूबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मधाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं. त्या दिवशी बाळाला मधही मिळाला नाही, कारण दमयंतीने वॉर्डात मध बंद म्हणून सांगितलं, आणि चीकही नाही, कारण स्टूल हललं नाही. मिळालं ते वाटीचमच्याने पावडरचं दूध, दोन्ही बाजूंची तडजोड. तडजोडी अशाच असतात, त्यात ज्याच्यासाठी भांडतात तोच उपाशी राहतो.

वॉर्ड भरलेला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मालनला घरी सोडलं. दमयंतीने सांगितलं की संध्याकाळी मी चाळीत येऊन बघून जाईन. त्या सांगण्यात धमकी होती हे सोनूबाईला कळलं.

घरी आल्यावर मालन पडद्याआड पडली. पोरगं रडत होतं. पहिला अर्धा दिवस मुलं झोपतात, मग त्यांना जगाची जाणीव होते, आणि या पोराला ती मोठ्या आवाजात झाली होती. मालनची छाती दगडासारखी झालेली, झंपर ओला. सासूपुढे बोलायची तिची प्राज्ञा नव्हती. चार वर्षांत ती सासूला उलटून एवढंच बोलली होती की आमटीत मीठ जरा जास्त झालंय. शेवंता आईच्या पायाशी बसून नव्या भावाकडे टक लावून बघत होती, अंगठा तोंडात. सोनूबाईने मधाची बाटली काढली, बोट धुतलं.

आणि दारात किटलीचा आवाज आला. रामसुमेर.

खरं तर आज खरवस लावायचा दिवस नव्हता, पण नवी म्हैस व्याली होती आणि चीक थांबत नाही. सोनूबाई धुतलेलं बोट तसंच उभं धरून दाराशी गेली. सवय ती सवय. घरात बाळंतीण असो की आग लागो, प्रश्न चुकायचा नाही.

"बच्चे को पिलाया क्या पहिले?"

रामसुमेर नेहमी लगेच मान डोलवायचा. आज त्याने किटली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला की मालकाने पहिली धार सगळी काढून घेतली, दिवाळी जवळ आलीय, मिठाईवाले मागे लागलेत. रेडकाला पावडरचं पाणी पाजलं. काही होत नाही मौसी.

बस. सोनूबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. हिंदी संपली, मुंबईची मराठी संपली, थेट मालवणीवर आली. त्याच्या मालकाचा मुडदा बशिवला, तबेल्याला आग लावली, रामसुमेरच्या सात पिढ्यांना रेडे केलं. गॅलरीत बायका जमल्या. कौसल्यासुद्धा आपल्या दारात येऊन उभी राहिली, अर्थातच पाठ करून.

"मेल्या, पयली धार ही देवान त्या पोराचीच केली हा," सोनूबाई ओरडत होती. "ती पोटात गेल्याशिवाय रेडकू जगाचा नाय. हगान हगान मरतला. माझ्या बापाशीच्या गोठ्यात मी डोळ्यांनी बघलंय. तो उरलेला चीक लोकांनी खावचो. पोराच्या तोंडचो काढून नाय. तुझी किटली उचल आणि चलतो हो."

रामसुमेर किटली उचलून निघाला. गॅलरी अजून हलली नव्हती. मागे पडद्याआड पोरगं रडत होतं, आणि त्या रडण्याच्या मधोमध मालनचा आवाज आला. मोठा नव्हता. आमटीत मीठ जास्त झालंय म्हणतानाचा होता तसाच.

"आई," मालन म्हणाली, "आपण शेवंताला काय पाजलं होतं?"

सोनूबाई दारात उभी राहिली. बोट अजून वर. गॅलरीतल्या बायकांना काही ऐकू आलं नव्हतं, त्यांना वाटलं ती आणखी एक शिवी शोधतेय. पण ती तिथे उभ्या उभ्या आपल्या बापाच्या गोठ्यात जाऊन आली. तिथून मोरीत आली, जिथे मालनने वाटीवाटीने ते पिवळं दूध ओतलं होतं आणि वरून तिनेच तांब्याभर पाणी टाकलं होतं, वास राहू नये म्हणून. तिथून नळावर, ज्याचं पाणी तिने गुळात कालवून तीन दिवसांच्या पोरीच्या जिभेवर ठेवलं होतं. पहारेकरी मोरीत आणि फितुरांना गुळाचं आमंत्रण. मग तिने शेवंताच्या काटकुळ्या पायांकडे बघितलं. एवढे महिने ती भैयाला तोंडभर विचारत आली होती, आणि घरात एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

पण सोनूबाई ती सोनूबाई. चुकले म्हणणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. तिने दार लोटलं, आत आली, वर धरलेलं बोट लुगड्याला पुसलं आणि मधाची बाटली शेवंताच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. मग पडद्याकडे वळून, जणू कालपासून मालनच आळस करत होती अशा सुरात, "बघतंस काय? पोर रडताहा. छातीशी घे त्याका. पयली धार फुकट घालवतंस की काय?"

मालनने पोराला घेतलं. पोराला एवढा वेळ वाट बघायला लावल्याचा राग होता, तो त्याने चोखून काढला. मालन तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती, ते सोनूबाईने मुद्दामच बघितलं नाही.

संध्याकाळी दमयंती भांडायची तयारी करून आली, तर सासू दारातच म्हणाली, "आवाज करू नको गो बाय, बाळ पिताहा." दमयंतीला क्षणभर वाटलं घर चुकलं. मग जयवंतने दबक्या आवाजात सगळी हकीकत सांगितली, आणि जरा नाराजीनेच सांगितली, कारण त्याच्या भाषणाने जे झालं नाही ते एका रेडकाने केलं होतं.

दमयंती प्रामाणिक बाई. तिने सोनूबाईला सांगायला सुरुवात केली की मावशी, रेडकाचं थोडं वेगळं असतं. गाई-म्हशींची पिल्लं पोटात असताना आईच्या रक्तातले पहारेकरी घेत नाहीत, त्यांना सगळं संरक्षण चिकातूनच मिळतं आणि ते रक्तात जातं. माणसाचं बाळ आईच्या रक्तातले थोडे बरोबर घेऊन येतं, पण आतड्याच्या त्या ओल्या अस्तरासाठी मात्र...

"गप," सोनूबाई म्हणाली. "आता कुठे पटलाहा. मोडू नको."

जाताना मात्र एक गोष्ट दमयंतीने सांगितलीच, आणि ती सोनूबाईला सगळ्यात आवडली. मालन या चाळीत राहते, इथलं पाणी पिते, इथली हवा घेते. इथले जे जंतू तिच्या पोटात जातात, त्यांची ओळख तिचं आतडं ठेवतं, आणि ती ओळख घेऊन तिथल्या पेशी दुधापर्यंत पोचतात. म्हणजे तिच्या दुधातले पहारेकरी नेमके याच चाळीच्या नळाला ओळखणारे.

"म्हणजे दूधसुद्धा लालबागचंच," सोनूबाई म्हणाली आणि समाधानाने पाय पसरून बसली.

राहिली कौसल्या. नजर नव्हती, तर आता नळावरच्या त्या सगळ्या कळशीशी केलेल्या गप्पांचं काय करायचं? दोन दिवस सोनूबाई त्या दाराकडे बघत गेली आणि परत आली. तिसऱ्या दिवशी रामसुमेर दुसऱ्या म्हशीचा चीक घेऊन आला. यावेळी रेडकू पोट फुटेस्तोवर प्यायलं होतं, हे त्याने विचारायच्या आधीच देवाशपथ सांगितलं. सोनूबाईने खरवस लावला, पहिली मऊ वडी बशीत काढली आणि कौसल्येच्या दारात जाऊन उभी राहिली.

कौसल्येने बशीकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाली, "एवढी वर्षं माझ्या नजरेला शिव्या घातल्यास. आता खरवस?"

"नजर तुझी वाईटच आहे," सोनूबाई म्हणाली. "पण जुलाब तिच्याने नव्हते झाले."

कौसल्येने थोडा विचार केला. माफी म्हणून हे फारच तोकडं होतं. पण वेलची ताजी होती, आणि सोनूबाईकडून याहून जास्त निघणार नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने बशी घेतली.

पोराचं नाव आजोबांचं ठेवलं, आनंदा. नाकातून शेंबूड वाहायचा, गुडघे फुटायचे, पण त्याच्यासाठी सलाईनच्या बाटल्या शोधायची वेळ आली नाही. संप संपला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. जयवंतने मसाल्याच्या दुकानात हिशेब लिहिले, मग टेम्पो चालवला. गेटवर मिळालं काय, हा आईचा प्रश्न तो कधी विसरला नाही, आणि आईनेही तो पुन्हा कधी विचारला नाही. तेवढी माया तिच्यात होती.

सोनूबाईला मात्र नवा उद्योग मिळाला. चाळीत, शेजारच्या चाळीत, पुढे प्रसूतिगृहातसुद्धा कोणाला मूल झालं की ती हजर. स्टूल ओढायची आणि बाळंतिणीच्या सासूला समोर बसवून म्हणायची, "पाजलास काय पयली धार?" आतून ओली कातडी असते, तिच्यावर पहारा लागतो, हे ती आता अशा थाटात सांगायची की दमयंतीला, केस पांढरे झालेल्या दमयंतीला, दुसऱ्या खोलीत जाऊन हसावं लागे. सदऱ्याची गोष्टसुद्धा सांगायची. फक्त ती तिने दुसऱ्याच कोणा अडाणी म्हातारीच्या नावावर घातली होती.

एकदा एका तरुण सासूने तिला अडवलं. म्हणाली, आमच्याकडे तीन दिवस पाजत नाहीत, रीत आहे.

"रीत माका सांगू नको," सोनूबाई म्हणाली. "आमच्या घराण्यात सात पिढ्यांपासून पयली धार पोराक पाजतत. माझ्या आयेन मला तसंच शिकवल्यान."

तिच्या मागे कौसल्या उभी होती. हल्ली दोघी बरोबरच यायच्या. कौसल्येने छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग त्या तरुण सासूला अगदी गंभीरपणे सांगितलं, "खरं आहे गो. मी शेजारी आहे ना, मी डोळ्यांनी बघितलंय."